शून्याचं टोक

घणसोलीच्या मैदानावर सकाळी सहाला
पावण्याकडून येतो तो नेहमीचा वास, कडू बदामाचा,
आणि त्या वासाच्या आत एकोणीस पोरं पळतायत.
स्पर्धा फेब्रुवारीत. आत्ता नुसता घाम काढायचा,
असं केणी सर म्हणतात, शिट्टी दातांत धरूनच.

चेंडू लाल, अंड्यासारखा, एकच.
शिवण उसवली की सेक्टर सातमधला बॅगा शिवणारा टाके घालतो.
लाथेनं उडवतात, मुठीनं ढकलतात,
फेकायचा मात्र नाही.
पळताना पंधरा मीटरला एकदा जमिनीला टेकवायचा,
जमीन परत देईल याची खात्री नाही.
गोल चेंडू ऐकतो. हा जातो मनाला येईल तिकडं,
क्रिकेटवाल्यांच्या स्टंपांत,
एकदा माझ्या थर्मासवर.

मी एकतीस वर्षं मोजणीत.
हे सेक्टर माझ्या हातचे. साखळी, थिओडोलाइट, चुन्याची फक्की.
काटकोनावर जीव.
नकाशात वळण आलं की साहेब म्हणायचे,
"टिपणीस, तेवढं सरळ करून टाका."
करून टाकायचो. ओढा असला तरी.

म्हणून पहिल्या दिवशी हसू आलं.
पोरं या चौकोनात लंबगोल आखत होती,
दोरीनं, अंदाजानं,
एका बाजूला पोट सुटलेलं.
राहवलं नाही. म्हणालो, "खुंट्या दोन लागतात.
याला केंद्र एक नसतं."
"मग या की," सर म्हणाले.

तेव्हापासून टेपचं शून्याचं टोक माझ्या बुटाखाली.
दुसरं टोक घेऊन पळते हर्षाली म्हात्रे,
नववी क, दोन्ही कोपरं सोललेली.
उडी अशी, की पुढच्याच्या पाठीवर गुडघा टेकून
वरच्या वर चेंडू काढते, कैरी तोडावी तसा,
आणि तो पुढचा, सुमेध गवई,
माती झटकत उठून तिलाच टाळी देतो.
याला मार्क म्हणतात म्हणे.
झेलला की सगळे थांबतात. कुणी हात लावायचा नाही.
चेंडू तुझा, उभी आहेस ती जागा तुझी,
बघ सावकाश, कुठं मारायचा.

"म्हात्रे कुठले?" विचारू नये ते विचारलं.
"गावातलेच. जोमा म्हात्र्यांची नात."

हीच ती खार. भात पिवळं व्हायला आलेलं.
मी साखळी टाकत चाललोय
आणि जोमा म्हात्रे बांधावरून माझ्या बरोबरीनं.
मी खुंटी ठोकायची, त्यानं उपटायची,
ऊन कलेपर्यंत.
शेवटी ढेकूळ आलं. इथं, कानामागं.
चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस गेला, पोलीस घेऊन.
साडेबारा टक्क्यांचा कागद त्याला कधी मिळाला
ते फायलीत असेल.

"आजोबा आहेत?"
"आहेत. ऐकू कमी येतं. कोण विचारतंय सांगू?"
टेप ताणलेला होता.
मी म्हणालो, "अठ्ठावन्न मीटर. खूण कर."

दोन्ही टोकांना चार चार बांबू, मांडववाल्याचे.
मधल्या दोहोंतून गेला तर सहा गुण,
बाजूच्या फटीतून गेला तरी एक.
हुकल्याचा एक! मी सरांना दोनदा विचारून घेतलं.
ते वहीत लिहितातसुद्धा, वेगळ्या रकान्यात.

आज पाणी प्यायला थांबले तेव्हा ती आली.
"आजोबांना ओरडून सांगितलं,
चुना टाकणाऱ्या काकांच्या कानामागं व्रण आहे."
"मग?"
"खूप वेळ काहीच नाही. मग म्हणाले,
मना न्ये मैदानान.
बगू दे, आता तरी वाकरं आखतं का."

मी फक्कीचा डबा उचलला, परत ठेवला.
कडेची रेघ दवानं पुसट झाली होती,
ती उद्या येणाऱ्या माणसासाठी
आजच पुन्हा ओढावी का, कळेना.
तेवढ्यात शिट्टी. कुणीतरी लांबून लाथ घातली,
चेंडू एकदा टेकला, थबकला,
आणि वळला माझ्याकडं.
मी थर्मास बाजूला घेतला.